राख जाते कुठे?

बाळकुम मागे टाकून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं की कशेळीचा पूल लागतो. खाली उल्हास. इथे तिला भरती-ओहोटी लागते, म्हणून लोक सरळ कशेळीची खाडी म्हणतात. ओहोटीला तिवरांच्या मुळांशी काळपट चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या सरपटत असतात. पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं: गोदामांचे कंटेनर, रिक्षा, दुचाक्या आणि मधेच एखादा पोटाळ बल्कर. त्या बल्करात दूध नसतं की डिझेल नसतं. सिमेंट असतं, नाहीतर वीज केंद्रातून निघालेली दगडी कोळशाची राख.

वरची राख आणि खालच्या चिखलातले धातू यांची सोयरीक शंभर वर्षांहून जुनी आहे. ती तपासायची तर राखेच्या मागे मागे जावं लागतं. कारण कारखान्याचा धूर दिसतो, सांडपाण्याला वास येतो, राख मात्र गुपचूप पत्ता बदलते.

ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीत राख टाकाऊ कधीच नव्हती. उन्हाळ्यात शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, झाडांच्या डहाळ्या पसरून राब भाजायचा आणि पहिल्या पावसाला त्याच जागी भाताची रोपं धरायची. चुलीतली राख भांड्यांना, बियाण्याला कीड लागू नये म्हणून कणगीत, दात घासायला राखुंडी म्हणून. लाकडा-शेणाची ही राख म्हणजे पोटॅश आणि चुना; झाडाने मातीतून उचललेलं मातीला परत. मग दगडी कोळसा आला आणि सवय मात्र तीच राहिली. मुंबईच्या चाळींत शेगडीतल्या कोळशाची राखही बायकांनी बिनधास्त भांड्यांना लावली. राख ती राख, असाच हिशोब होता.

कोळसा या बाजूला आला तो रेल्वेबरोबर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी १ मेला ती कल्याणला पोचली. सुरुवातीच्या इंजिनांच्या पोटात जळायचा तो बोटीने आलेला विलायती कोळसा. त्यात राख कमी, शंभरात पाच-दहा भाग. शेडमध्ये राखखड्ड्यावर इंजिन उभं करायचं, खालचं झाकण उघडून राख पाडायची, तीतले अर्धवट जळालेले कोळसे कुणीतरी टोपलीत वेचून न्यायचे आणि उरलेली राख यार्डात, पायवाटांवर, भरावात टाकून मोकळं व्हायचं. राखेची पहिली विल्हेवाट ही अशी, पायाखाली.

मग देशी कोळसा मिळू लागला. १८७० च्या दशकात आपल्याकडे वरोऱ्याची खाण सुरू झाली, तिकडे बंगालात राणीगंज आधीपासून होतंच. हा गोंडवनी कोळसा. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहत्या पाण्याने आणलेल्या वनस्पतींबरोबर गाळही थरांत बसला, म्हणून त्यात राखेचा भाग शंभरात तीस ते पंचेचाळीस. स्वदेशी कोळशाबरोबर राखही कित्येक पटींनी स्वदेशी झाली. हे मी उपरोधाने म्हणत नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या एका आकड्यात आहे.

राखेत धातू असतात हे रसायनशास्त्राला बरंच उशिरा नीट उमगलं. नॉर्वेत वाढलेले आणि जर्मनीत संशोधन करणारे भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९३० च्या दशकात कोळशाच्या राखा तपासल्या आणि त्यांत जर्मेनियम, आर्सेनिक यांच्यासारखी मूलद्रव्यं सापडली, तीही साध्या खडकात असतात त्याहून कितीतरी जास्त. जंगलाने जमिनीतून शोषलेलं आणि नंतर दलदलीने धरून ठेवलेलं हे धन. कोळसा जळतो तेव्हा कार्बन हवेत जातो आणि जे जळत नाही ते मागे उरतं. शंभर किलो कोळशाची चाळीस किलो राख झाली तर न उडणारे धातू तिच्यात अडीच पट दाट झालेले असतात. शिसं, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक हे बहुतेक राखेत राहतात, त्यातही सर्वांत बारीक कणांच्या पृष्ठभागावर. पारा वेगळा, तो वाफ होऊन चिमणीतून निघून जातो. आपल्या वीज केंद्रांच्या चिमणीतल्या पाऱ्याला सरकारी मर्यादा लागली ती ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने, म्हणजे गोल्डश्मिटच्या राखेनंतर ऐंशी वर्षांनी.

या भागातलं राखेचं खरं घराणं मात्र ठाकुर्लीचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि मग ती चालवणाऱ्या जी.आय.पी. रेल्वे कंपनीला घाटांतही वीज हवी झाली. तिच्यासाठी कंपनीने १९२९ मध्ये ठाकुर्लीजवळ, उल्हासच्या काठी, स्वतःचं वीजघर उभं केलं. चोळे पॉवर हाऊस. चोळे हे तिथलं गाव. जागा अगदी हिशोबी होती: रेल्वेने कोळसा दारात, खाडीचं पाणी यंत्रं थंड करायला, आणि माणसं कल्याणातून. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन निघाली ती विजेच्या इंजिनावर. पहिल्या वर्गातल्या साहेबाच्या सदऱ्यावर काजळी पडली नाही याचं त्या काळी कोण कौतुक! काजळी गेली कुठे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती ठाकुर्लीला उतरली होती.

आज मुंबईत विजेवरची बस किंवा मोटार दिसली की त्या साहेबाच्या सदऱ्याची आठवण होते. वीज जिथे वापरली जाते तिथे राख नसते, ही सोय आपल्याला चोळ्याने पहिल्यांदा शिकवली. तोवर इंजिन आपली राख बरोबर घेऊन फिरायचं आणि वाटेत सगळ्यांना थोडी थोडी वाटायचं. आता ती एका जागी साठू लागली. त्या पिढीच्या वीजघरांत बारीक राख पकडणारी यंत्रणा जेमतेमच असायची; वरची धुरातून आसपास पडायची, खालची जाड राख भरावाला जायची. नदीकाठच्या वीजघराच्या बाबतीत भराव म्हणजे बहुधा नदीचाच काठ. चोळे पॉवर हाऊस १९८० च्या दशकात बंद पडलं, तोवर ते जवळजवळ साठ वर्षं चाललं होतं. आणि ठाकुर्लीच्या खालच्या अंगाला, डोंबिवली, मुंब्रा ओलांडून वळसा घेतला की उल्हास येते ती कशेळीला.

इथे थोडं थांबून खाडीच्या चिखलाकडे पाहायला हवं, कारण सगळ्यांचे हिशोब याच वहीत लिहिलेले आहेत. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतं तिथे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. धातू या कणांनाच धरून आलेले असतात, तेही बसतात. त्या चिखलात हवा शिरत नाही, गंधकाची संयुगं तयार होतात आणि धातू त्यांत अडकून राहतात. ओहोटीच्या चिखलाला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच कारखान्याचा. जोवर चिखल निवांत आहे तोवर धातूही बऱ्यापैकी निवांत. ढवळला, त्याला हवा लागली, की काही धातू पुन्हा पाण्यात सुटतात. पूर्वी या खाडीत रेती निघायची ती हातपाटीने: माणूस डुबी मारून तळाची रेती घमेल्यात भरून वर आणायचा. त्यानंतर सक्शन पंप आले. पंप रेतीबरोबर वर्षानुवर्षांचा गाळ उपसून पुन्हा प्रवाहात सोडतो. वाळू उपशावरच्या वादांत काठ ढासळण्याची, पुलांच्या पायांची चर्चा होते, ती रास्तच आहे; या गाळाची मात्र क्वचित होते.

गोवा विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी उल्हास खाडी आणि ठाणे खाडी यांच्या चिखलपट्ट्यांतून आणि तिवरांच्या दलदलींतून गाळाचे उभे स्तंभ काढून थरागणिक धातू तपासले आहेत. खालचा थर जुना, वरचा नवा. असं वाचन करताना एक मेख असते, आणि ती ठाऊक नसली की दोन्ही बाजूंचे लोक फसतात. उल्हासचं सगळं पाणलोट क्षेत्र काळ्या बेसॉल्टचं. बेसॉल्टमध्ये मुळातच लोह, तांबं, निकेल, क्रोमियम भरपूर. त्यामुळे कशेळीच्या चिखलात निकेल सापडलं म्हणजे लगेच कारखान्याचं पाप, असं नाही. पण कारखानदाराचा वकील सगळंच सह्याद्रीच्या माथी मारू लागला तर तेही चालत नाही. शिसं, कॅडमियम, पारा यांचा बेसॉल्टशी फारसा संबंध नाही. ते वरच्या थरांत वाढले असतील तर सह्याद्री निर्दोष आहे.

आणि सगळं कोळशाच्याही माथी मारू नये. या खाडीतल्या पाऱ्याचा मोठा इतिहास वेगळाच आहे. कल्याणजवळ उल्हासला मिळणाऱ्या काळू नदीवर मोहने-आंबिवली पट्ट्यात रेयॉन उद्योग उभा राहिला. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो त्या काळी पाऱ्याचे विद्युत्घट वापरून मिठाच्या पाण्यातून काढत. काळूतला पारा त्यामुळे गाजला. शेजारच्या ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. रेयॉनच्या कारखान्यात वाफ आणि वीज पुन्हा बॉयलरवर, म्हणजे कोळसा आलाच. पण पारा त्याचा नव्हे. उल्हासनगरची वालधुनी आपलं रंगीत पाणी वेगळं आणते. एवढे सगळे ऐवज एका चिखलात जमा झाल्यावर कुणाचा वाटा किती, हे सांगणं न्यायालयाला जड जातं, आणि याचाच फायदा सगळ्यांना मिळतो.

पोलादाकडे वळू. कळवा-दिघा पट्ट्यातला मुकंदचा पोलाद कारखाना ठाणे खाडीच्या बाजूला. वाड्याला करसवलतींच्या मोहाने उभ्या राहिलेल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल वैतरणा-तानसाच्या खोऱ्यात. कशेळीच्या नशिबी त्यांचं पाणी येत नाही, भंगाराचे आणि सळयांचे ट्रक मात्र भिवंडीच्याच रस्त्यांनी जातात. भंगार वितळवताना दोन गोष्टी निघतात. एक मळी, जिला आता सगळे स्लॅगच म्हणतात. काचेसारखी, जड, धातूंना बऱ्यापैकी कोंडून ठेवणारी. दुसरी भट्टीची धूळ. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा, जुन्या रंगातलं शिसं हे उष्णतेने उडतं आणि धुळीत थंड होतं. गंमत अशी की लोकांना भीती वाटते ती ढिगाने दिसणाऱ्या स्लॅगची, आणि खरी जपायची ती पोत्यात मावणारी धूळ.

स्लॅगशी आपलं नातं तर रेल्वेच्या कितीतरी आधीचं. आयुर्वेदातलं मंडूर म्हणजे लोखंड गाळताना निघालेली जुनी मळी. तिचं भस्म पांडुरोगावर द्यायचं, म्हणजे आजच्या भाषेत रक्तातलं लोह कमी असलं की. रसशास्त्राच्या ग्रंथांत या मळीची प्रतवारी वयावर आहे: शंभर वर्षं पडून राहिलेली उत्तम, ऐंशीची मध्यम, साठीची कनिष्ठ, आणि साठहून कमी असेल तर विषासारखी. ती मळी साध्या लोहाराच्या भट्टीची होती, तिच्यात आजच्या भंगारातलं शिसं-क्रोमियम नव्हतं, तेव्हा फार ताणू नये. पण ऊन-पावसात मुरल्याशिवाय मळी हाताळू नये, ही समज त्यांना होती. वाड्याच्या कुठल्याच भट्टीची मळी अजून साठीला आलेली नाही. आता स्लॅगचे रस्ते होतात. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर टप्प्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या स्लॅगचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. त्याआधी २०२२ मध्ये सुरतेजवळ हजिऱ्याला तसाच एक झाला होता. दगडखाणी वाचतात, हे खरंच आहे.

राखेकडे परत. स्वातंत्र्यानंतर वीज केंद्रं मोठी झाली: नाशिकजवळ एकलहरे १९७० मध्ये, कोराडी १९७४ मध्ये, चंद्रपूर १९८० च्या दशकात, डहाणू १९९५ मध्ये. चिमणीच्या आधी विजेच्या दाबाने राख खेचून घेणारी यंत्रं बसली. हवा सुधारली, आणि त्याच प्रमाणात राखेचा ढीग वाढला. ती पाण्यात कालवून पाइपांनी तलावात सोडायची पद्धत पडली. एका अर्थाने ही नदीकाठच्या जुन्या भरावाचीच थोरली आवृत्ती, फक्त बांध घातलेली. विदर्भात या तलावांखालचं भूजल, उन्हाळ्यात गावावर उडणारी पांढरी धूळ हे रोजचं जगणं झालं. कोराडी-खापरखेड्याभोवतीच्या पाण्यातल्या जड धातूंवर २०२१ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी अहवाल काढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी त्याच भागातल्या नांदगावच्या तलावात राख टाकणं थांबवायला लावलं. आणि १६ जुलै २०२२ ला मुसळधार पावसात तिथल्याच खसाळ्याचा राखेचा बांध फुटला. राख शेतांत शिरली, नाल्यांतून नदीकडे गेली.

त्याच्या तेवीस वर्षं आधी, १४ सप्टेंबर १९९९ ला, केंद्र सरकारने तलावांवर उतारा म्हणून एक अधिसूचना काढली होती. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या वर्तुळात विटा करणाऱ्याने मातीत किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे. हेतू चांगला होता: शेताची सुपीक माती विटांत जाते ती वाचवायची आणि राखही खपवायची. २००३ मध्ये ते वर्तुळ १०० किलोमीटरचं झालं, २०१६ मध्ये ३०० चं. नकाशावर कर्कटक ठेवून पाहा. डहाणूचं केंद्र कशेळीपासून सरळ रेषेत साधारण ८५ किलोमीटर, एकलहरे सव्वाशेच्या आसपास. म्हणजे १९९९ मध्ये भिवंडीचा वीटभट्टीवाला दोन्ही वर्तुळांच्या बाहेर होता, २००३ मध्ये डहाणूच्या आत आला आणि २०१६ मध्ये नाशिकच्याही. तो जागचा हलला नाही; राखेचं कुंपण त्याच्यापर्यंत चालत आलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर न खपलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. साहजिकच राख कुणीतरी घेऊन जावी ही केंद्राची निकड झाली.

भिवंडी तालुक्यातल्या भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि मे संपता संपता उठतात. कामाला कातकरी कुटुंबं, बहुतेक उचल घेऊन आलेली. रात्री माती भिजवून ठेवायची, पहाटे तिच्यात भाताचं तूस, कोळशाची भुकटी, असली तर राख टाकून पायांनी गारा मळायचा. मग साच्यात थापायचा, साचा उलटा करायचा, वीट उन्हात. बाई थापत असते, पोर शेजारी त्याच राखेच्या ढिगावर खेळत असतं. वीज केंद्राची ही सुकी राख, म्हणजे फ्लाय ॲश, इतकी बारीक असते की फावडं टाकलं तरी वर उठते आणि ओल्या अंगावर, पापण्यांवर बसते. भाजल्यावर विटेत धातू बऱ्यापैकी कोंडले जातात, हे शास्त्र बरोबर आहे. पण ते विटेचं शास्त्र झालं. भाजण्यापूर्वीची राख श्वासातून जाते, आणि तिच्यासाठी वर्तुळ आखणाऱ्यांनी मास्क लिहिला नव्हता. उन्हाळा संपला की भट्टीची जागा उघडी राहते, पहिल्या पावसात ढिगाऱ्याची राख शेजारच्या ओढ्याला लागते आणि ओढा खाडीला.

सिमेंटमध्ये गेलेल्या राखेचं मात्र कौतुकच करायला हवं. रोमन लोक पोत्सुओलीच्या ज्वालामुखीची राख चुन्यात घालून बंदरं बांधत, आणि अमेरिकेत मोंटानामधल्या हंग्री हॉर्स धरणात चाळीस-पन्नासच्या दशकात फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणात वापरली गेली. आपल्या मानकांप्रमाणे पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते, स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत. खाऱ्या पाण्यात असं काँक्रीट उलट जास्त टिकतं, कारण त्याची छिद्रं बारीक होतात आणि क्षार आत शिरायला वेळ लागतो. म्हणून खाडीतल्या खांबांना आणि पुलांना राख किंवा स्लॅग घालणं आता नेहमीचं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो कशेळीलाच खाडी ओलांडते. काठाच्या तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटांना लागणारं सिमेंट आणि राख बल्करांतूनच येते. राखेला आजवर मिळालेला हा सगळ्यांत बरा मुक्काम आहे, यात मला शंका नाही.

पण मुक्कामच. ठाण्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे करायचं काम जोरात आहे आणि त्यांचं डेब्रिज रात्रीच्या डंपरमधून खाडीकाठच्या तिवरांत ओतलं जातं, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम २०१६ पासून असूनही. आज पडतात त्या बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती, साध्या सिमेंटच्या. १९९९ नंतर राखेने बांधलेल्या इमारतींची पाळी अजून वीस-पंचवीस वर्षांनी येईल. तेव्हाचे डंपर कुठे रिकामे होतील, ते ठरवणारी वर्तुळं अजून कुणी आखलेली नाहीत.